एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टरचं सीझन तिकीट : रक्कम आपणच ठरवायची

या सीझन तिकिटाची किंमत क्लब सांगत नाही, आपण सांगायची. मोठ्या माणसासाठी एक किमान रक्कम ठरलेली असते, तिच्यावर ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्यानं भरायचं. मुलांचा दर वेगळा आणि खूपच कमी. २००९ पासून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर या, मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनी काढलेल्या छोट्या फुटबॉल क्लबात ही पद्धत आहे. कुणी किती भरले यावरून मैदानात फरक पडत नाही. किमान रक्कम भरणारा आणि तिच्या तिप्पट भरणारा एकाच कठड्याला टेकून उभे असतात.

मी मँचेस्टरमध्ये नर्स आहे. घरी नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं, घराचा हप्ता, शाळा सुटल्यानंतरच्या क्लबची फी, गावाकडे आई-बाबांचं औषधपाणी. आणि शाळेत असल्यापासून मँचेस्टर युनायटेड. १९९९ च्या मे महिन्यात बार्सिलोनात चँपियन्स लीगच्या फायनलला बायर्न म्युनिकविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये आधी शेरिंगहॅमने आणि मग सोल्शायरने गोल केला, तेव्हापासून हा क्लब माझा आहे आणि मरेपर्यंत राहील. पण ओल्ड ट्रॅफर्डपासून, म्हणजे युनायटेडच्या स्टेडियमपासून, बसच्या अंतरावर राहायला आल्यावर मला रोकडा हिशेब करावा लागला. २०२४ मध्ये मोसम अर्ध्यावर असताना तिथे उरलेल्या मॅचेसची सभासदांसाठीची तिकिटं सरसकट ६६ पौंडांची झाली, लहान मुलांना नि पेन्शनरांना सवलत नाही. चाहत्यांनी स्टेडियमबाहेर निदर्शनं केली. चौघांच्या कुटुंबाला एका मॅचचे २६४ पौंड. आमच्याकडे एवढ्या पैशांत महिन्याचा बराचसा किराणा होतो.

मी एफसी युनायटेडचं एका मोसमाचं १८० पौंड भरते. लीगच्या घरच्या मॅचेस २१. म्हणजे एका मॅचला नऊ पौंडही पडत नाहीत. हा आकडा मी एकटीने ठरवलेला नाही, आणि मला या तिकिटातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते. उन्हाळ्यात आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. आधी हप्ता, वीज-गॅस, कौन्सिल टॅक्स, गावी पाठवायचे पैसे, मुलांच्या पोहण्याच्या क्लासची फी. ते सगळं बाजूला काढलं की मग क्लब. नवऱ्याला फुटबॉलचं काही पडलेलं नाही. पहिल्या वर्षी त्याने सरळ विचारलं, "किमान रकमेत भागतंय ना? मग वर कशाला द्यायचे?" मी सांगितलं की हा क्लब कुणा मालकाचा नाही, सभासदांचा आहे, आणि वरचे पैसे कुणाच्या खिशात जात नाहीत, ज्याला या वर्षी किमान रक्कमच झेपतेय त्याची जागा त्यातून टिकते. तो थोडा वेळ वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं, मग पोहण्याच्या क्लासएवढेच धर." आमचा आकडा तिथून आला.

ओव्हरटाइम कमी मिळालेल्या वर्षी हा आकडा खाली आणायची मुभा आहे, कुणाला कारण सांगावं लागत नाही. घर चालवणाऱ्या माणसाला ही मुभा केवढी मोठी वाटते, ते ज्यांनी क्लबच्या प्रेमापोटी क्रेडिट कार्ड घासलंय त्यांना विचारा. वॉर्डात माझ्याबरोबर काम करणारे असे दोघेतिघे आहेत. त्यांच्या प्रेमात काही खोट नाही. पण तिकीट, परगावचा प्रवास, दरवर्षीच्या तीन-तीन जर्सी यांचा भार घरातलं दुसरं कुणीतरी मुकाट्याने उचलत असतं, आणि त्या माणसाला कधी कुणी विचारलेलं नसतं.

क्लबची जन्मकथा ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २००५ च्या मे महिन्यात ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड ७९ कोटी पौंडांना विकत घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचं ओझं क्लबवरच आलं. चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा क्लब काढला. नाव सभासदांनी मत देऊन ठरवलं. एक सभासद, एक मत; कुणी कितीही पैसे घातले तरी मत एकच. क्लब नफा वाटत नाही. जर्सी लाल, चड्डी पांढरी, मोजे काळे, आणि छातीवर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. माझ्या धाकट्याने पहिल्यांदा ती जर्सी पाहून विचारलं होतं, "यावर काही लिहिलेलं का नाही?" त्याने तोवर कोरी जर्सी पाहिलीच नव्हती.

दहा वर्षं क्लबला स्वतःचं मैदान नव्हतं. बराच काळ 'बरी' या शेजारच्या गावातल्या गिग लेन मैदानावर भाड्याने खेळले. मग चाहत्यांनी कम्युनिटी शेअर्स, म्हणजे क्लबचे छोटे छोटे हिस्से, घेऊन जवळपास २० लाख पौंड उभे केले, बाकीची मदत बाहेरून आली, आणि २०१५ च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या मॉस्टन भागात ब्रॉडहर्स्ट पार्क हे मैदान उघडलं. उद्घाटनाच्या मॅचला पोर्तुगालच्या बेन्फिकाचा संघ आला होता. जागा मला फार आवडते. शेजारीच न्यूटन हीथ. १८७८ मध्ये तिथल्या रेल्वे कामगारांनी जो संघ काढला, तोच १९०२ मध्ये मँचेस्टर युनायटेड झाला. मुलांना हे मॉस्टनच्या रस्त्यावरून चालता चालता सांगता येतं, वस्तुसंग्रहालयाचं तिकीट काढावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष मैदान. माणसं मावतात साडेचार हजारांच्या आसपास. मुख्य स्टँडमध्ये खुर्च्या आणि डोक्यावर छप्पर. सासूबाई इथे येतात तेव्हा आम्ही तिथे बसतो. एरवी मी आणि मुलं सेंट मेरीज रोड एंडला, गोलच्या मागे, उभ्याच्या पायऱ्यांवर. हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीनंतर टेलर अहवाल आला आणि वरच्या दोन डिव्हिजनमधली जवळपास सगळी मैदानं खुर्च्यांची झाली. इथे अजून खांद्याला खांदा लावून उभं राहता येतं. मुलं बुटकी असल्याने त्यांना पुढे काय चाललंय ते दिसायचं नाही. तिसऱ्या पायरीवरच्या एका आजोबांनी न विचारता दोघांना हाताला धरून पुढे नेलं आणि कठड्यापाशी उभं केलं. आजूबाजूचे सरकले. तेव्हापासून ती जागा मुलांचीच ठरली आहे आणि आजोबा त्यांच्या मागे. कॉर्नर घ्यायला येणाऱ्या खेळाडूच्या बुटाला लागलेलं गवत मुलांना तिथून दिसतं. गोलकीपर स्वतःशी काय पुटपुटतो तेही ऐकू येतं, सगळंच ऐकण्यासारखं असतं असं नाही.

मॅचच्या आधी 'कोर्स यू कॅन माल्कम' नावाचा कार्यक्रम असतो: बँड, कविता, कधी कुणी हौशी गायक. यासाठी लवकर निघा. माझी लेक फुटबॉलसाठी येत नाही, यासाठी येते, आणि मग मॅचलाही थांबते. घरातल्या प्रत्येकाला या क्लबात शिरायला असा आपापला दरवाजा सापडतो. गेटवर, खाण्याच्या खिडकीवर, कार्यक्रमपत्रिका विकायला बहुतेक स्वयंसेवक. मैदानात एक बॅनर असतो, 'मैत्री जोडतो, कोट्यधीश घडवत नाही' अशा अर्थाचा. तिथे उभं राहून वाचला की पटतो.

खेळाबद्दल. प्रीमियर लीग पहिली पायरी धरली तर हा सातव्या पायरीवरचा फुटबॉल आहे, नॉर्दर्न प्रीमियर लीग. पासिंगची लय कुठल्याही क्षणी तुटते, जानेवारीत वाऱ्याने चेंडू हवेतच वळतो, आणि काही मॅचेस खरोखर कंटाळवाण्या असतात. २०१० मध्ये एफए कपात वरच्या व्यावसायिक लीगमधल्या रॉचडेलला त्यांच्याच मैदानावर ३-२ ने हरवलं होतं, विजयी गोल अगदी शेवटच्या क्षणी. तशा रात्री रोज येत नाहीत. २०१५ मध्ये एक पायरी वर गेलो, २०१९ मध्ये परत खाली आलो. टीव्हीवरच्या चँपियन्स लीगची सवय झालेल्यांनी पहिली दोन-तीन मॅचेस धीर धरावा. नंतर डोळा बसतो, आणि ज्या बॅकला तुम्ही नावाने हाक मारता त्याने गोललाइनवरून चेंडू काढला की घसा बसेपर्यंत ओरडता.

उणिवा आहेत. मंगळवारी रात्रीच्या मॅचेस शाळा असलेल्या मुलांना झेपत नाहीत आणि माझ्या शिफ्टशीही जुळत नाहीत. सीझन तिकिटातल्या त्या मॅचेस बुडाल्याच समजा. परगावच्या मॅचेस आम्ही जवळपास सोडूनच दिल्या आहेत. पावसामुळे मॅच ऐनवेळी रद्द होऊ शकते, म्हणून निघण्याआधी क्लबकडून आलेली सूचना बघा. आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही: आपली रक्कम आपणच ठरवायची म्हटल्यावर मनावर दडपण येतं. आपण कमी देतोय का, दुसऱ्याच्या जिवावर उभे आहोत का, असं वाटत राहतं. ज्यांची खरोखर ओढाताण आहे त्यांनी किमान रक्कम भरावी आणि मान ताठ ठेवून यावं, पद्धत त्यांच्यासाठीच आहे. पैशाऐवजी वेळ देता येतो. माझी एक मैत्रीण किमान रक्कम भरते आणि घरच्या मॅचला गेटवर उभी राहते. क्लबला तिची गरज माझ्या जादा पौंडांपेक्षा जास्त आहे.

ओल्ड ट्रॅफर्डवर जाणारे मित्र मला विचारतात, युनायटेडला सोडलंस का? अजिबात नाही. रविवारची मॅच घरी लागते, सगळे बघतात, हरलो की माझं जेवण अजूनही उतरत नाही. मॉस्टनला माझ्या आजूबाजूला उभे असलेल्यांपैकी अर्धेअधिक असेच आहेत. फक्त शनिवारी दुपारी तीन वाजता मला मुलांना घेऊन मैदानात उभं राहायचं असतं, आणि ते घरातल्या कुणाचंही काही कमी न करता करायचं असतं. त्यासाठी मला या शहरात याहून चांगलं तिकीट मिळालेलं नाही.

घ्यायचं असेल तर एकदम सीझन तिकीट काढू नका. आधी एका शनिवारी गेटवर पैसे भरून जा, शक्यतो सप्टेंबरात, थंडी पडायच्या आत. घरातल्या फुटबॉल न आवडणाऱ्यालाही बरोबर न्या, कारण उन्हाळ्यात वहीवर आकडा धरताना तोही शेजारी बसणार आहे. सभासदत्व वेगळं घ्यावं लागतं. तेही घ्या, सर्वसाधारण सभेत हात वर करायचा हक्क त्यानेच मिळतो. आणि जानेवारीत जाणार असाल तर मोज्यांचे दोन जोड घाला, पायऱ्या काँक्रीटच्या आहेत.