सीटखालची पिशवी आणि सहलीचा पहिला दिवस: काही महिने वापरल्यानंतर

सायकल सहलीच्या पहिल्या दिवशी सायकल बंद पडली, तर माझ्या पाहण्यात तरी कारण पंक्चर क्वचितच असतं. सायकल बिघडते ती मुक्कामापर्यंत नेताना: ट्रेनच्या, बसच्या किंवा विमानाच्या सामानात आडवी पडून, तिच्यावर बॅगा रचल्या जाऊन, नाहीतर खोक्यातून काढून घाईघाईत जोडताना. त्यामुळे सीटखालच्या पिशवीत काय भरायचं हे रस्त्यावरच्या खिळ्यांवरून न ठरवता या नेण्या-आणण्यावरून ठरवावं, असं माझं मत आहे. हा अनुभव त्या पिशवीचाच. चेन टूल (चेनची पिन काढायचं अवजार) असलेलं घडीचं मल्टिटूल, हातपंप, क्विक लिंक (चेनची दोन टोकं जोडायची कडी), ट्यूब, पॅच, एक गिअर केबल आणि डिरेल्युअरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेचा) एक सुटा हँगर.

आधी हँगरबद्दल, कारण पिशवीतली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू तीच आणि सहल वाचवली तीही तिनेच. मागचा डिरेल्युअर थेट फ्रेमवर बसत नाही, मध्ये ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा असतो, तोच हँगर. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. धक्का बसला तर तो वाकावा किंवा तुटावा आणि फ्रेम वाचावी, एवढंच त्याचं काम. सायकल उजव्या कुशीवर पडली की पहिला मार त्यालाच बसतो. बाहेरून काहीच दिसत नाही, रंगावर ओरखडाही नसतो.

आमच्या सहलीत नेमकं हेच झालं. सायकल जोडली, चाक उचलून पायडल फिरवून पाहिलं, मधले गिअर सुरळीत पडत होते. पॅनिअर (चाकाच्या बाजूला लटकवायच्या पिशव्या) लावून पहिला चढ लागला आणि सगळ्यात हलक्या गिअरला मागून खरखर सुरू झाली. हँगर वाकल्यामुळे डिरेल्युअरचा पिंजरा (त्याची छोटी चाकं धरणारा खालचा भाग) स्पोकना घासत होता. अशा वेळी पायडल मारणं त्या क्षणी थांबवायचं. आणखी अर्धा फेरा मारला तर पिंजरा स्पोकमध्ये अडकतो, चाक त्याला ओढून घेतं आणि डिरेल्युअर, दोन-चार स्पोक, कधी फ्रेमचं टोकसुद्धा एका झटक्यात जातं. सोबत्याचं म्हणणं होतं, "हलका गिअर टाकूच नकोस, संध्याकाळी बघू." सपाट रस्ता असता तर मीही तेच केलं असतं. डिरेल्युअर आत किती सरकेल हे ठरवणारा लिमिटचा ‘एल’ स्क्रू थोडा आत घेतला की चेन मोठ्या कॉगपर्यंत (मागच्या दातेरी चक्रापर्यंत) जातच नाही, आणि तेवढ्यावर बरंच अंतर निघतं. पण सामान लादून घाट चढायचा असेल तर हलका गिअरच तर हवा असतो!

हँगर वाकलाय हे ओळखायला मागे बसून सरळ रेषेत पाहायचं. डिरेल्युअरची दोन छोटी दातेरी चाकं वरच्या कॉगच्या बरोबर खाली, एका सरळीत दिसायला हवीत. खालचं चाक आत कललेलं दिसलं की समजायचं. दुसरी खूण म्हणजे केबलचा ताण कितीही जुळवा, एका टोकाचे गिअर बसले की दुसऱ्या टोकाचे बिघडतात. इथे बरेच जण बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण जुळवायची फिरकी) पिळत तासभर घालवतात. हँगर वाकडा असेल तर त्या पिळण्याला काही अर्थ नाही.

बदलणं अवघड नव्हतं. मागचं चाक काढलं, ५ मिमीच्या ॲलन कीने डिरेल्युअर सोडवला (केबल तशीच राहू दिली), हँगरचे बारके स्क्रू काढून नवा बसवला, परत सगळं लावलं. मग केबलचा ताण थोडा जुळवला. निघालो.

सुटा हँगर नसता तर? तर हाताने सरळ करावा लागला असता. डिरेल्युअरच्या बोल्टमध्ये ॲलन की घालून हळूहळू बाहेर ओढायचं. आणखी एक युक्ती आहे, आणि ती मला फार आवडते: हँगरच्या भोकातले आटे १० मिमी व्यासाचे, १ मिमी अंतराचे असतात. बऱ्याच जुन्या पद्धतीच्या क्विक रिलीजच्या (लिव्हरने झटपट सुटणाऱ्या) मागच्या चाकांच्या एक्सललाही हेच आटे असतात. सोबत्याची सायकल तशी असेल तर त्याच्या मागच्या चाकाचा एक्सल या भोकात फिरवून ते अख्खं चाक तरफ म्हणून वापरता येतं, आणि दोन्ही चाकं समांतर झाली की हँगर सरळ झाला. पण ॲल्युमिनियम वारंवार वाकणं सोसत नाही. एकदा सरळ केलेल्यावर सहल पुरी करावी, घरी आल्यावर तो बदलावा.

हँगर आधीच घेऊन ठेवायचं कारण असं की त्याचे शेकडो आकार आहेत. वाटेतल्या दुकानात ट्यूब मिळते, केबल मिळते, ब्रेक पॅडही मिळण्याची शक्यता असते. तुमच्याच फ्रेमचा हँगर मिळणं निव्वळ नशीब. २०१९ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅमने यूडीएच नावाचा एकच सामाईक हँगर आणला आणि बऱ्याच नव्या फ्रेम त्यावर आल्या आहेत, पण आपली सायकल त्यातली आहे का हे घरीच बघावं. जुना काढून नव्याशेजारी ठेवून भोकं जुळतात का ते पाहिल्याशिवाय पिशवीत टाकू नये.

आता मल्टिटूल. ४, ५ आणि ६ मिमीच्या कीने जवळजवळ सगळी कामं झाली, ताऱ्याच्या टोकाचा टी-२५ डिस्क ब्रेकच्या बोल्टसाठी लागला. ८ मिमीची की म्हणजे ६ मिमीवर चढवायची टोपी आहे, तिची मला पहिल्यापासून शंका होती आणि ती खरी ठरली. पायडल काढायला लागतो तेवढा जोर त्या आखूड दांड्याने लागतच नाही. पायडल ही नेमकी प्रवासासाठी काढायची वस्तू, म्हणून आता लांब दांड्याची सुटी ॲलन की सामानात असते. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे माहीत असणारेही थकलेले असताना विसरतात. दोन्ही पायडल सायकलच्या मागच्या दिशेने फिरवली की सुटतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.) पावसात भिजल्यावर की गंजू लागल्या. पुसून तेलाचा थेंब दिला की पुरतं, पण घडीचे सांधे आता पहिल्यासारखे घट्ट राहिले नाहीत.

चेन टूल मात्र उत्तम निघालं. पिन सरळ जाते, हात दुखत नाही. क्विक लिंक घेताना आपल्या चेनच्या स्पीडचीच (मागच्या कॉगच्या संख्येचीच) घ्यायची. ९ स्पीडची ११ स्पीडवर बसत नाही, कारण चेनची रुंदी वेगळी असते. लावताना लिंक वरच्या बाजूला आणायची, मागचा ब्रेक धरायचा आणि पायडलवर भार द्यायचा. ‘टक’ असा आवाज आला की बसली. काढायला खास पकड लागते, ती नसेल तर केबलचा तुकडा दोन्ही रोलरभोवती गुंफून ओढला की निघते. काही लिंक एकदाच वापरायच्या असतात, पाकिटावर वाचावं.

पंपाबद्दल माझं मत मिश्र आहे. नळी असलेला घेतला हे बरं, कारण थेट दाबायच्या पंपाने प्रेस्टा व्हॉल्व्हची (टोकाला छोटा नट असलेल्या अरुंद व्हॉल्व्हची) बारीक दांडी वाकते. पण नळीच्या आट्यांसोबत व्हॉल्व्हचा कोअरच (हवा अडवणारा आतला भाग) उलगडून बाहेर येतो आणि भरलेली सगळी हवा एका क्षणात जाते. कोअर घट्ट करायचं इवलंसं टूल त्यासाठी हवंच. कार्बन डायऑक्साइडच्या सिलेंडरचा मोह मी टाळला. विमानात ते न विचारता नेता येत नाहीत, आणि तो वायू ट्यूबमधून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो.

महिने गेल्यावर कळलेल्या दोन गोष्टी कुठल्याही जाहिरातीत नसतात. एकदा उघडलेली, पॅच चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब झाकण घट्ट असूनही आतून सुकते, म्हणून सहलीपूर्वी नवी घ्यावी. तयार चिकट पॅच त्या भीतीने घेतले तर ते उन्हात कडेने सुटतात, त्यांच्यावर मुक्काम गाठावा, सहल नाही. आणि सुटी ट्यूब अवजारांना घासून घासून पिशवीतच भोक पाडून घेते. जुना मोजा घालून ठेवा.

सोबत्याच्या सायकलीला हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक आहेत. चाक काढून नेताना कुठेतरी लिव्हर दाबली गेली आणि पॅड एकमेकांना चिकटले. स्वच्छ टायर लिव्हर मध्ये घालून, पॅडना तेलाचा हात न लावता, ते हळूच बाजूला केले आणि काम झालं. पॅडमध्ये ठेवायचा प्लॅस्टिकचा तुकडा वजनाला काहीच नाही, आता तो दोघांकडे असतो.

हब गिअरच्या (गिअर मागच्या चाकाच्या मध्यात बंद असलेल्या) सायकलीला सहसा हँगर लागत नाही. त्यांनी त्या जागी मागच्या चाकाच्या नटाचा, बहुधा १५ मिमीचा, पाना ठेवावा. घडीच्या टूलमध्ये तो सहसा नसतो, आणि त्याच्याशिवाय चाक काढताच येत नाही, मग ट्यूब आणि पंप असून उपयोग नाही.