एक हंगाम अलायावर: फिन नसलेल्या लाकडी फळीचा अनुभव

गेला हंगाम मी लाँगबोर्ड, म्हणजे सर्फिंगची नेहमीची लांब फळी, बाजूला ठेवून ऑस्ट्रेलियातल्या नूसाच्या लाटांवर अलाया चालवली. अलाया म्हणजे हवाईच्या जुन्या लोकांची पातळ, सपाट, फिन (तळाला शेपटीकडे असणारं, दिशा धरून ठेवणारं पातं) नसलेली फळी. माझी 7 फुटी आहे, पावलोनिया लाकडाची. जाडी 2 सेंटिमीटरला थोडी कमी, वजन जेमतेम पाच किलो. इथल्याच एका छोट्या कारागिराकडून घेतली.

आधी त्रासाचं सांगते. ही फळी माणसाला तरंगवत नाही. हिचं आकारमान सतरा-अठरा लिटर, माझ्या लाँगबोर्डचं सत्तरच्या आसपास. पॅडल करताना, म्हणजे पोटावर झोपून हातांनी पाणी मारत पुढे जाताना, ती अंगाखाली बुडते आणि खांदे भरून येतात. लाट उभी राहून फुटायच्या बेतात आली की मगच पकडता येते, फुसक्या लाटांना ही घरीच ठेवावी. पहिले काही आठवडे मी पोटावरच चालवली, आणि कुणालाही तेच सांगेन. हवाईतही लोक झोपून, गुडघ्यांवर आणि उभं राहून, अशा तिन्ही तऱ्हांनी लाटा घेत.

पण एकदा वेग धरला की लाँगबोर्डवर असं कधीच वाटलं नव्हतं. फिन नाही, म्हणजे पाण्याला अडवणारं काही नाही. सगळी पकड कडेची: लाटेकडची कड पाण्यात रुतवायची, मग पातळ लाकूड किंचित वाकून लाटेच्या वळणाला बिलगतं. वजन जरा मागे गेलं की शेपटी सुटते आणि फळी आडवी घसरायला लागते. आधी या घसरण्याची धास्ती वाटायची, आता त्यासाठीच पाण्यात जाते. नूसाच्या टोकाला वळसा घालून लांबवर धावणाऱ्या लाटा हिला फार मानवतात.

अमेरिकी सर्फर टॉम ब्लेकनं 1935 मध्ये बोर्डाला फिन लावला आणि पुढे फिनशिवायचं सर्फिंग जवळपास विस्मरणात गेलं. ते परत आणण्यात मोठा वाटा टॉम वेगेनर यांचा. कॅलिफोर्नियातून नूसाला आलेल्या या कारागिरानं होनोलुलूच्या बिशप म्युझियममधल्या जुन्या फळ्या पाहिल्या, तशा नव्यानं बनवल्या आणि लाटांवर उभं राहून चालवून दाखवल्या. त्याच संग्रहालयात हवाईची राजकन्या काइउलानी हिची कोआ या तिथल्या झाडाच्या लाकडाची अलाया आहे, सव्वासात फुटांहून थोडी लांब. माझी फळी जवळपास तेवढीच आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पावलोनिया हलकं असतं आणि खारं पाणी फारसं पीत नाही, म्हणून वरून फायबरग्लास, रेझिनचा थर काही लागत नाही. हवाईत कुकुई या झाडाच्या बियांचं तेल चोळत, मी जवसाचं लावते. लाकूड फिकट, कोरडं दिसू लागलं की पुन्हा एक हात. उन्हात, बंद गाडीत ठेवू नका, वाकते. खडकावर आपटून माझीला शेपटीकडे बारीक चीर गेली होती. इपॉक्सीनं बुजवली, अजून धरून आहे. लीश, म्हणजे फळी पायाला बांधणारी दोरी, बहुतेक अलायांना नसते, माझ्याही नाही, त्यामुळे गर्दीत नेऊ नये. सुटलेली फळी दुसऱ्याला जबर लागू शकते.

गोव्यातल्या मैत्रिणी विचारतात, त्यांच्यासाठी: अश्वे किनाऱ्यावरच्या हिवाळ्यातल्या छोट्या लाटांवर उभं राहण्यासाठी अलाया घेऊ नका. तिची आखूड बहीण पायपो घ्या, चार फुटांच्या आसपासची, पोटावर चालवायची. पायात पोहण्याचे फिन्स घातले तर लाट पकडणं पुष्कळ सोपं जातं.