डरबनमध्ये साप पकडायला येणाऱ्यांची सर्व्हिस : गॅरेजमध्ये ब्लॅक मांबा निघाला तेव्हाचा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. इकडे नवीन येणारी मराठी मंडळी घर घेताना शाळा बघतात, सिक्युरिटी बघतात, पण साप निघाला तर फोन कोणाला करायचा हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं.

आम्ही रिझर्व्हॉयर हिल्सला राहतो, जवळच पामिएट नेचर रिझर्व्हची झाडी. गेल्या जूनमध्ये सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या कामाच्या ताई गॅरेजमधून बादली आणायला गेल्या आणि "इमांबा! इमांबा!" असं ओरडत बाहेर आल्या. त्या झुलू आहेत, हा शब्द त्यांच्या तोंडून असा ऐकला की दुसरं काही विचारायची गरजच पडत नाही. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या, त्या कोकणातल्या, सापाला साप म्हणतच नाहीत, जनावर म्हणतात. त्या दारातून डोकावल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "अगं धामण आहे ती, जाईल आपली आपण." आणि खरं सांगते, मलाही क्षणभर तसंच वाटलं. लांबलचक, बारीक, राखाडी-तपकिरी अंग, कुठेही काळा रंग नाही. ब्लॅक मांबा अंगाने काळा नसतोच, काळं असतं ते तोंडाच्या आतलं, शाईसारखं, आणि ते दिसलं म्हणजे तुम्ही त्याच्या फार जवळ गेलायत. आपल्याकडच्या माणसाला इथे खरा धोका हाच, ओळखीचं जनावर समजून काठी घेऊन पुढे जाणं. मी आईंना हाताला धरून मागे ओढलं.

साप पकडणाऱ्यांचा फोन पहिल्यांदा एंगेज लागला, दुसऱ्यांदा लागला. पलीकडच्या माणसाने आधी विचारलं की कोणाला चावला का, मग साप आत्ता दिसतोय का, मग म्हणाला जमेल तेवढ्या लांबून एक फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, जवळ जाऊ नका, आणि एका माणसाने लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा, कारण एकदा तो सामानात शिरला की शोधण्यात दोन तास जातात. माझा फोटो हलला होता त्यामुळे ओळख पक्की झाली नाही पण तो म्हणाला निघालोच. पस्तीस मिनिटं लागली. ती पस्तीस मिनिटं मी गेटपाशी उभी आणि तो जुन्या कपाटामागे, शेपटीचं टोक तेवढं बाहेर.

दोघं जण आले. फोटोवरून थुंकणारा नाग असू शकतो म्हणून मुख्य माणसाने डोळ्यांवर प्लास्टिकची काच लावलेली, मोझांबिक स्पिटिंग कोब्रा डरबनमध्ये बराच निघतो आणि विष थेट डोळ्यात मारतो. कपाट जरासं सरकवल्याबरोबर जनावर वर उठलं, अंगाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग हवेत, मान थोडी चपटी केलेली, तोंड उघडलं आणि तो काळेपणा मी पंधरा-वीस फुटांवरून पाहिला. माणूस पुढे गेला नाही, थांबला, त्याला खाली यायला वेळ दिला, मग लांब चिमट्याने अंग धरलं, दुसऱ्या चिमट्याने डोक्यामागे, आणि मग हाताने. सगळं मिळून चारेक मिनिटं, आरडाओरडा नाही, हिरोगिरी नाही. मग त्यांनी माप घेतलं, २.६ मीटर. साधारण अडीच-तीन मीटरचे असतात पण चार मीटरच्या पुढेही जातात, विषारी सापांत लांबीला किंग कोब्राच्या खालोखाल हाच. झाकणाला क्लिपा असलेल्या टबमध्ये ठेवला आणि मगच सगळ्यांनी श्वास सोडला.

आता एका पावडरबद्दल. दोन महिने आधी एका पेस्ट कंट्रोलवाल्याने (नाव घेत नाही) साप पळवणारी पावडर म्हणून ६५० रँडला डबा विकला होता आणि गॅरेजच्या दारात पट्टा मारून गेला होता. पकडणाऱ्याने मला खाली वाकून बघायला सांगितलं. त्या पट्ट्यावरून साप गेल्याची नागमोडी रेघ स्पष्ट उमटलेली! मला एवढा राग आला, पैशांचा नाही, त्या पट्ट्याच्या भरवशावर मी मुलाला गॅरेजमधून सायकल काढू देत होते याचा. मग त्याने फिरून दाखवलं, पक्ष्यांच्या दाण्याची गोणी, त्यामुळे उंदीर, उंदरांमागे साप, आणि दाराखाली दोन बोटं फट. वर जून म्हणजे इथला हिवाळा, मांबांच्या मिलनाचा हंगाम, नर माद्यांच्या मागे फिरतात म्हणून जास्त नजरेस पडतात. गोणी त्याच दिवशी पत्र्याच्या डब्यात गेली, दाराला रबराची पट्टी बसली.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते नंतरची वीस मिनिटं. सापाची टब गाडीत ठेवून तो आमच्या अंगणात बसला आणि आईंपासून मुलापर्यंत सगळ्यांना सांगितलं. मांबा माणसाच्या मागे लागत नाही, वाट मिळाली तर पळतो, पण कोंडला तर एकापाठोपाठ अनेकदा चावतो. विष मज्जासंस्थेवर जातं, मुंग्या येतात, पापण्या जड होतात, बोलता-गिळता येईना होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात, कधीकधी तासाभराच्या आतच. म्हणून कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. मांबाच असेल तर रुंद इलॅस्टिक बँडेज पूर्ण हातापायावर घट्ट गुंडाळून तो अवयव हलू द्यायचा नाही, पण बँडेज शोधण्यात गाडी थांबवायची नाही. श्वास थांबला तर तोंडाने द्यायचा आणि देत राहायचा, कारण हॉस्पिटलमध्ये व्हेंटिलेटर लागेपर्यंत माणूस त्यावर जगतो. माझ्या हातावर बँडेज बांधून दाखवलं, मग मुलाकडून माझ्या हातावर बांधून घेतलं.

आईंनी विचारलं की भारतातून लस आणून फ्रिजमध्ये ठेवली तर? त्याने हसण्यावारी नेलं नाही. मी मराठीत सांगत गेले. आपल्याकडचं अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यावर बनलेलं, मांबावर त्याचा उपयोग नाही. इथे जोहान्सबर्गला बनणारं पॉलिव्हॅलंट, म्हणजे अनेक सापांच्या विषावर चालणारं, लागतं, मांबाच्या गंभीर दंशाला १० मिलीच्या दहा-दहा बाटल्या लागतात, कधी त्याहून जास्त, आणि त्याचीच जोरदार अॅलर्जी येऊ शकते म्हणून ते हॉस्पिटलमध्येच देतात. प्रत्येक हॉस्पिटलमध्ये साठा असतोच असं नाही. आपल्या जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात असतो हे आधी विचारून ठेवा म्हणाला, मी दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारलं.

पैसे ठराविक नाहीत, पेट्रोलपुरते द्या म्हणाला, आम्ही ५०० रँड दिले. पावती मिळाली नाही. साप नेमका कुठे सोडणार तेही सांगितलं नाही, जवळच्याच झाडीत लोकांपासून लांब एवढंच, तेव्हा जरा खटकलं पण आता वाटतं जागा सांगत फिरले तर लोक तिथे मारायलाही जातील. परमिट मात्र न मागता दाखवलं. क्वाझुलू-नाताळमध्ये, म्हणजे आमच्या प्रांतात, साप पकडायला एझेमवेलो या वन्यजीव संस्थेचं परमिट लागतं, शेजारचा कोणी हौशी चिमटा घेऊन आला तर त्याला आत घेऊ नका. एंगेज फोनमुळे अर्धा स्टार कमी, पाचापैकी साडेचार.

ऑगस्टमध्ये व्हरांड्यातल्या वेलीवर हिरवा साप दिसला, माझे हातपाय गार, ग्रीन मांबा म्हणून लांबून फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, स्पॉटेड बुश स्नेक आहे, बिनविषारी, पाली खायला आलाय, त्याला राहू द्या, मी येत नाही, पैसेही नकोत. संध्याकाळपर्यंत तो वेलीवरच होता, आई खुर्ची टाकून लांबून बघत बसल्या होत्या.