ओर्का ६ : रेणूच्या स्विचचा बीटा, घरच्या डेस्कटॉपवर (पाचपैकी चार तारे)

नाशिकला एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी नॉनलिनिअर ऑप्टिक्स (तीव्र प्रकाशाला रेणू सरळ प्रमाणात प्रतिसाद देत नाहीत, त्याचा अभ्यास) घेतलं की घोडं सॉफ्टवेअरच्या लायसनच्या पैशांपाशी अडतं. जर्मनीतल्या म्युल्हाइमच्या माक्स प्लांक संस्थेतून आलेलं ओर्का, म्हणजे रेणूंचं क्वांटम गणित करणारं सॉफ्टवेअर, शैक्षणिक कामाला फुकट आहे, फक्त नोंदणी करावी लागते. सहावी आवृत्ती जुलै २०२४ ची. गंगापूर रोडवरच्या भाड्याच्या खोलीतला १६ जीबी रॅमचा डेस्कटॉप त्याला पुरतो.

उदाहरणाला ६-नायट्रो-बीआयपीएस हे स्पायरोपायरन घ्या, ४२ अणूंचं, प्रकाशाने बंद-उघड होणारं, म्हणून स्विच. बंद रूपात मधला कार्बन एसपी३, म्हणजे चारही बंध एकेरी. दोन्ही अर्धे एकमेकांना जवळजवळ काटकोनात, संयुग्मन तुटलेलं, म्हणून बीटा (पहिली हायपरपोलरायझेबिलिटी, रेणूच्या नॉनलिनिअर प्रतिसादाचं माप) कमी. अतिनील प्रकाशात कार्बन-ऑक्सिजन बंध सुटतो, सपाट मेरोसायनिन तयार होतं आणि बीटा उसळी घेतो. काढायचं असतं ते या दोन बीटांचं गुणोत्तर.

आधी दोन्ही रूपांची भूमिती ऑप्टिमाइझ करा. कंपनाची एकही वारंवारता उणे नको. मग इनपुटमध्ये कॅम-बी३एलवायपी (फंक्शनल), ६-३१+जी(डी) (बेसिस सेट), काटेकोर आकडेमोडीसाठी व्हेरीटाइटएससीएफ आणि डेफग्रिड३, आणि अल्फा (ध्रुवणक्षमता) काढायला एलप्रॉपमध्ये पोलर १. भूमिती न हलवता एक्स, वाय, झेड दिशांना ±०.००१ ए.यू. (आण्विक एकक) विद्युत क्षेत्र लावा, म्हणजे सहा रन. अधिक आणि उणे क्षेत्रातल्या अल्फांच्या फरकाला ०.००२ ने भागलं की स्थिर (प्रकाशाची वारंवारता शून्य धरलेला) बीटा हातात. हेच ०.००२ क्षेत्र घेऊन (भागाकार ०.००४ ने) पुन्हा करा. उत्तर सरकलं तर काहीतरी बिनसलंय: क्षेत्र फार लहान असेल तर आकडेमोडीचा गोंगाट, फार मोठं असेल तर वरच्या घातांची पदं मिसळतात. साधं बी३एलवायपी इथे वापरू नका, लांब पुश-पुल साखळीत (एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा गट) ते बीटा फुगवतं.

एक तारा कापला तो समांतर (अनेक कोअरवरच्या) रनसाठी. त्याला लागणाऱ्या ओपनएमपीआयची आवृत्ती मॅन्युअलमध्ये दिलेलीच लागते, आणि ओर्काला पूर्ण पाथ देऊन हाक मारावी लागते. मॅक्सकोर (मेमरीची मर्यादा, एमबीत) तर हमखास चकवतो: तो आकडा दर कोअरचा असतो. चार कोअरना ३००० लिहा. एकूण समजून १२००० लिहिलंत तर ओर्का ४८ जीबी धरून चालेल आणि मशीन हँग होईल. वळवाच्या पावसात वीज गेली तर घाबरू नका. ऑर्बिटल साठवणारी जीबीडब्ल्यू फाइल शाबूत असेल तर क्षेत्राचा रन त्याच नावाने पुन्हा लावा, ऑर्बिटल तिथून उचलली जातात.

मेरोसायनिनचं टीटीसी रूप (दोन अर्ध्यांमधल्या तीन बंधांची ट्रान्स-ट्रान्स-सिस मांडणी) घेऊन मोकळे होऊ नका. टीटीटी, सीटीसी, सीटीटी हीही तपासा. द्रावक हवाच, नाहीतर झ्विटरआयनिक स्वभाव (एकाच रेणूत अधिक आणि उणे भार) नीट उतरत नाही; सीपीसीएम हे द्रावकाचं मॉडेल बंद आणि उघड्या दोन्ही रूपांना सारखंच लावा. पेपरातल्या आकड्याशी जुळवताना तिथली बीटाची व्याख्या टेलर मालिकेची आहे की पर्टर्बेशन मालिकेची हे बघा, दोहोंत दुपटीचा फरक पडतो.

प्रयोग १०६४ नॅनोमीटरवर झाला असेल तर दुप्पट वारंवारतेचा प्रकाश ५३२ वर येतो, म्हणजे मेरोसायनिनच्या शोषणाच्या अगदी शेजारी. तिथे हा स्थिर बीटा जुळणार नाही. त्या कामाला क्वाड्रॅटिक रिस्पॉन्स (प्रकाशाची वारंवारता धरून बीटा काढण्याची पद्धत) असलेलं, डाल्टन हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घ्या.