जी७च्या पुढे: जी९, जी११ की जी१३?

पियानोवरची जी७ ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर: जी-बी-डी-एफ. त्यावर एकाआड एक स्वर चढवत गेलं की जीपासून मोजून नववा ए, अकरावा सी आणि तेरावा ई मिळतो. कागदावर जी१३मध्ये सात स्वर भरतात, पण सातही एकदम दाबले तर नुसता गलका होतो. म्हणून आधी गाळायचं काय ते ठरवा. डी पहिला जातो. बी आणि एफ शक्यतो हलवू नका: सी हा सा धरला तर हे शुद्ध नी आणि शुद्ध म. नी साकडे आणि म गकडे सरकतो, म्हणून तर कॉर्डची ओढ सुटते आणि ती सीच्या कॉर्डवर विसावते.

जी९ सर्वांत बिनधोक. डाव्या हातात खालचा जी, उजव्यात मधल्या सीला लागून असलेल्या बीपासून बी-डी-एफ-ए. ब्लूज असो, फंक असो, सहसा कुठेच खटकत नाही.

जी११ नावाप्रमाणे वाजवाल तर फसाल. खाली बी आणि वर सी आला की दोघांत सप्तक अधिक अर्धा स्वर एवढं अंतर पडतं आणि ते कानाला बोचतं. म्हणून इथे बीच गाळतात: डाव्यात जी, उजव्यात एफ-ए-सी. चार्टवर, म्हणजे गाण्याच्या कॉर्ड लिहिलेल्या कागदावर, हे एफ/जी किंवा जी९सस४ असं लिहिलेलं दिसेल (सस४ म्हणजे तिसऱ्या स्वराऐवजी चौथा, इथे बीऐवजी सी). नी नसल्याने ओढ कमी, कॉर्ड तरंगत राहते. गॉस्पेल आणि संथ गाण्यांत तेच हवं असतं. दोन मात्रांनी सी खाली बीवर आणा, जी९ तयार.

जी१३ला वेळ द्या, तो वसूल होतो. बास वाजवणारा सोबत असेल तर जीसुद्धा सोडा आणि डाव्या हाताने एफ-ए-बी-ई धरा, बोटं ५-३-२-१. आधीचा डीमायनर९ एफ-ए-सी-ई असा घेतला असेल तर फक्त सीचा बी होतो. पुढे सीमेजर९साठी ई-जी-बी-डी: बी जागेवर, बाकी तिघं एकेक पायरी खाली. एफ मधल्या सीच्या लगेच खालचा घ्या. आणखी सप्तकभर खाली गेलात तर ए-बीची जोडी नुसती घुमते. एकटे वाजवत असाल तर मात्र जी हवाच: डाव्यात जी-एफ, उजव्यात बी-ई-ए. आणि एफ विसरलात तर तो जी१३ राहत नाही, जी६ होतो. ही चूक फार होते.

निवड बहुतेक वेळा चालच करून देते. चाल सीवर थांबली असेल तर सस, ईवर असेल तर १३. पुढे सी मायनर येणार असेल तर शुद्ध ए आणि ई दोन्ही उपरे वाटतात. तिथे ए कोमल, ई कोमल घ्या.

डॉमिनंटची, म्हणजे जी७सारख्या ओढ असलेल्या कॉर्डची, साखळी असेल, जसं डी७-जी७-सी७, तर एकच प्रकार धरून बसू नका, कारण हात उड्या मारत राहतो. १३ आणि ९ आलटून-पालटून घ्या: डी१३साठी सी-ई-एफ शार्प-बी, जी९साठी बी-डी-एफ-ए, सी१३साठी बी फ्लॅट-डी-ई-ए. शेवटच्या बदलात डी आणि ए हलतसुद्धा नाहीत.