वाईत एक महिना राहून: पाचपैकी पावणेचार

मिक्सरला तारे देतात, हॉटेलला देतात, मग गावाला का नको? मे महिन्यात आम्ही वाईला ब्राह्मणशाहीतल्या एका जुन्या वाड्याची माडी महिन्याच्या बोलीने घेतली होती. भाडं चौदा हजार. त्यात भांडीकुंडी, गॅस, दोन कॉट आणि मालकीणबाईंची एकच अट: गच्चीवर वाळवणं घातलेली असतील तेव्हा मुलाने वर क्रिकेट खेळायचं नाही. ती अट दुसऱ्याच दिवशी मोडली. कुरडयांचं नुकसान आम्ही भरून दिलं, त्यांनी घेतलं नाही, उलट तळून खायला दिल्या.

हवापालटाला म्हणून गेलो नव्हतो. मुंबई सोडून लहान गावात बिऱ्हाड हलवायचं की नाही, हे राहून बघायचं होतं. आम्ही मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यात राहतो, घर वन बीएचके, माणसं चार. नवऱ्याला आता महिन्यातून दोनदाच ऐरोलीच्या ऑफिसात जावं लागतं. मी घरी बसून लहान दुकानदारांचं जीएसटी भरते. मुलगा पाचवीत गेलाय. आणि सासूबाई, वय ७६, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. मुलगा अभ्यासाला बसला की सासूबाईंची मालिका बंद, मालिका लागली की माझा फोन स्वयंपाकघरात. पुढचं सांगायला नको.

नवऱ्याने रीतसर एक्सेल शीट केली होती. हवा, भाडं, शाळा, नेट, दवाखाना, असे रकाने, त्यात हिरवे-पिवळे रंग. ती शीट सावंतवाडीत निकामी झाली.

सावंतवाडीला दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस होतो. गाव देखणं आहे, वाद नाही. संध्याकाळी मोती तलावाच्या काठाने चालताना मी मनातल्या मनात पडदेसुद्धा निवडले होते. मुलाला चितारआळीतली लाकडी खेळणी सोडवेनात. पण एजंटाने दिलेलं घर गावाबाहेर चार किलोमीटरवर होतं. अंगण, विहीर, फणस, सगळं होतं. “गाडीने पाच मिनिटं,” असं तो म्हणाला आणि ते खरंही होतं. पाचव्या दिवशी सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “घर छान आहे गं. पण मला कुणी नेलं तरच मी कुठे जाते.” त्या दिवसांत त्यांच्या बटव्यातून एक रुपया बाहेर पडला नव्हता. मुलुंडला ह्याच बाई रोज खाली उतरून भाजी घेतात, भाजीवाल्याशी भांडतात, स्टेशनचा पूल एकेक पायरी मोजत ओलांडून पश्चिमेला महाराष्ट्र सेवा संघात पुस्तक बदलायला जातात.

मग लक्षात आलं की आमच्या घरात गाडी चालवणारा माणूस एकच. मी स्कूटर शिकताना भाजीच्या हातगाडीला धडकले तेव्हापासून तो विषय बंद आहे. मुलाकडे सायकल आणि आईंकडे काठी. म्हणजे चारातल्या तिघांना जिथे स्वतःच्या पायांनी आपापलं काम उरकता येईल, ते आमचं गाव. शीटमध्ये हा रकानाच नव्हता. आणि एजंट लोक मुंबईची पार्टी म्हटली की गावाबाहेरचंच दाखवतात, त्यांना वाटतं आपल्याला फक्त शांतता हवी असते.

चिपळूण ह्या परीक्षेत खरं तर पहिलं येणार होतं. कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, बाजारपेठ मोठी, डेरवणचं हॉस्पिटल हाताशी, १८६४ सालचं वाचनालय आहे, आणि मासे मुलुंडच्या बाजारापेक्षा ताजे. नाताळात गेलो होतो. बाजारपेठेजवळ तळमजल्यावर नुकताच रंग दिलेला फ्लॅट दाखवला. शेजारच्या दुकानदाराने न विचारता भिंतीवर हात वर करून दाखवलं, २२ जुलै २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते. त्याचा हात माझ्या डोक्याच्या पुष्कळ वर होता. एजंट त्या वेळी फोनवर बोलत उभा होता. उंचावरची घरंही बघितली, तिथे वाशिष्ठी नदीचं भय नाही, पण मंडईतून परतताना चढ, आणि चढाला आईंचे गुडघे तयार नाहीत. वाईट वाटलं. सुरमईसाठी अजून वाटतं.

आता वाई. मुंबईहून साधारण २३५ किलोमीटर, पुण्याच्या पुढे खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याला आत वळायचं, तिथून दहा-बारा किलोमीटर. रेल्वे नाही. लोकलच्या आवाजावर घड्याळ लावणाऱ्या माणसाला हे पहिले आठ दिवस फार जाणवतं.

पहिल्या सकाळी आई सहाला उठून खाली उतरल्या आणि एकट्या गणपती घाटावर जाऊन आल्या. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फाकावं म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, हे त्यांना घाटावर फुलं विकणाऱ्या मावशींनी सांगितलं, आणि ते त्यांनी पुढचा महिनाभर आम्हाला सांगितलं. येताना दूध, कोथिंबीर आणि एक ओळखही घेऊन आल्या. “आज्जी, कुठनं आला?” असं विचारून त्या मावशींनी त्यांना कट्ट्यावर बसवून घेतलं होतं. चौथ्या दिवशी ओळखी तीन झाल्या. त्यातल्या एकीने त्यांना वसंत व्याख्यानमालेला नेलं. वाईत ही दरवर्षी मे महिन्यात असते. सतरंजीऐवजी खुर्ची मिळाली म्हणून खूश झालेली माणसं, आणि वक्ता लांबला की मागून येणारे सूचक खोकले. आई रोज साडेसहाला पावडर लावून तयार. गावाला विद्येचा जुना नाद आहेच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे राहायचे, विश्वकोशाचं कामही इथेच चालतं. पण मला त्या नावांपेक्षा हे महत्त्वाचं वाटलं की रात्री साडेआठला ७६ वर्षांची बाई मैत्रिणींबरोबर चालत घरी येते आणि आम्हाला घ्यायला जावं लागत नाही.

एसटीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना राज्यात एसटी मोफत आहे आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. मुंबईत आम्हाला ह्याचा उपयोग वर्षातून एकदा. वाईत आईंनी आधार कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि मला न विचारता दोघी मैत्रिणींसोबत साताऱ्याला जाऊन आल्या, कंदी पेढे घेऊन. नवरा वैतागला. मी नाही.

मेणवलीला मुलगा सायकलने गेला, मालकीणबाईंच्या नातवाबरोबर. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरच्या छोट्या देवळातली ती भली मोठी घंटा, वसईच्या मोहिमेनंतर आलेली. त्याने शाळेत ह्या मोहिमेवर दोन गुणांचं उत्तर लिहिलं होतं म्हणे, घंटेचा उल्लेख नव्हता. त्याच्या शाळेची काळजी मला होती तेवढी निघाली नाही. मुलुंडला तो स्टेट बोर्डाच्या सेमी-इंग्लिशला आहे. पुस्तकं तीच, गणित-विज्ञान इंग्रजीतूनच, त्यामुळे दाखला घेऊन आलात की वर्ग तोच पुढे चालू. दोन शाळांत जाऊन विचारलं. एकीकडे शिपायानेच सगळी माहिती दिली आणि ती ऑफिसपेक्षा बरोबर होती. ज्यांची मुलं इतर बोर्डांत आहेत त्यांना पर्याय कमी, किंवा मग पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या शाळा, त्यांच्या फीचा आकडा ऐकून आम्ही चहा न घेता उतरलो.

तारे कुठे कापले ते सांगते. शनिवार-रविवार. महाबळेश्वर-पाचगणीला जाणारं अख्खं पुणे आणि निम्मी मुंबई गावातून जाते. त्या दोन दिवशी रस्ता ओलांडणं म्हणजे मुलुंड चेकनाका बरा. स्थानिक लोक शुक्रवारीच भाजी भरून ठेवतात, आम्हाला ते दुसऱ्या आठवड्यात कळलं. उन्हाळा खरा कडक आहे. माडीवरच्या पत्र्याखाली दुपारी एक ते चार काम होत नाही. घामाची चिकचिक मात्र मुंबईसारखी नाही, सावलीत गेलं की सावली लागते. मे महिन्यात घाटाजवळ नदीला पाणी कमी आणि हिरवट, फोटोवर जाऊ नका. डास आहेत.

आणि २० तारीख. जीएसटी भरणाऱ्यांना ही तारीख काय असते ते वेगळं सांगायला नको. दुपारी अडीचला फायबरचं नेट गेलं, कंपनीचा माणूस “आलोच” म्हणाला तो दुसऱ्या दिवशी आला. माझी अकरा रिटर्न बाकी. खालच्या झेरॉक्सवाल्याने दुकान बंद करायची वेळ झाली तरी आपल्या फोनवरून नेट देऊन मला नऊपर्यंत बसू दिलं, पैसे घ्यायला तयार नाही, शेवटी त्याच्या मेव्हण्याचं रिटर्न भरून दिलं. माणुसकीला पाच तारे, नेटला दोन. यायचं असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी घ्या.

नवरा एकदा ऐरोलीला जाऊन आला. पहाटे साडेचारला निघाला, साडेनऊला टेबलावर. येताना खंबाटकीत दीड तास अडकला आणि घरी आल्यावर अर्धा तास कुणाशी बोलला नाही. महिन्यातून दोनदा चालेल, आठवड्यातून दोनदा मुळीच नाही. बाकी दिवस तो घरात दिसतो ह्याचा गल्लीला घोर लागला होता. दहाव्या दिवशी शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “साहेबांचं काम सुटलंय का वहिनी? आमच्या भाच्याची एमआयडीसीत ओळख आहे.” खासगीपणा हवा असेल तर मुंबईसारखं गाव नाही, हे इथे आल्यावर पटतं.

दवाखान्याचं आम्ही मुद्दाम बघितलं. रोजच्या बीपी-शुगरला गावात डॉक्टर भरपूर आणि नंबर लवकर लागतो. मोठं काही झालं तर सातारा, ३५ किलोमीटर. त्याहून मोठं तर पुणं. रात्री दोन वाजता हे अंतर किती वाटेल, याचं उत्तर महिनाभर राहून मिळत नाही. पाऊण तारा तिथेच गेला.

जुलैत मुद्दाम आडवारी तीन दिवस पुन्हा गेलो, पाऊस बघायला. महाबळेश्वर तीस-बत्तीस किलोमीटरवर धो धो बुडालेलं आणि इथे भुरभुर. मुलुंडच्या जुलैपुढे शिंतोडेच. पण वाड्याचा जिना ओलावला होता आणि आई दोरी धरून उतरत होत्या ते मला बघवलं नाही. म्हणजे आम्हाला तळमजला हवा. आणि तळमजला हवा तर धोम धरणातून पाणी सोडल्यावर ते कुठल्या आळीत कुठपर्यंत चढतं, हे विचारायला हवं. चिपळूणने तेवढं शिकवलं. हे एजंटाला विचारू नका, किराणावाल्याला विचारा. आमच्या किराणावाल्याने कागदाच्या पिशवीवर नकाशा काढून दिला आणि घाटापासून वर तीन गल्ल्या सांगितल्या.

त्यातल्या एका गल्लीत टू बीएचके दहा हजारांना बोलून ठेवलाय, पुढच्या मेपासून, अकरा महिन्यांचा करार, रीतसर नोंदणी करून. मुलुंडचं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं. नवऱ्याने शीटमध्ये नवा रकाना घातलाय, “आईंचा बटवा”, आणि वाईसमोर हिरवा रंग भरलाय. घरमालक म्हणतात बाथरूममध्ये आधाराची दांडी बसवून देतो. दिवाळीत जाऊन ती बसवली का ते बघून येणार आहे, नसेल तर तारे पुन्हा मोजते.