पिस्टन गेला, एरियल गेली: ५८ सीसी चेनसॉ घरी ‘मॉडिफाय’ करून अकरा महिने वापरल्यावर

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी भांडुपला मामांच्या बैठ्या घरामागे शिरिषाचा ओंडका उभा चिरत होतो. अर्ध्यावर आलो आणि मशीन एकदम किंचाळलं. मला वाटलं, वा, काय फिरतंय! दोन सेकंदांत गप्प. दोरी ओढली तर हलेना. सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली तर पिस्टनवर उभे ओरखडे, तेही सायलेन्सरच्याच बाजूला. यापूर्वी मी या मशीनची तारीफ करत फिरत होतो. ती अर्धी परत घेतोय.

मशीन कुठलं ते सांगत बसत नाही. नागदेवी स्ट्रीटला फूटपाथपर्यंत रचून ठेवलेलं असतं तेच, ५८ सीसी, २२ इंची बार (साखळी फिरते ती पट्टी). स्टिकर वेगळे, आतला माल तोच. मला ६,२०० ला पडलं. मला झाडं तोडायची नाहीत. (मुंबईत स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते, तेव्हा मशीन आणलं म्हणून सोसायटीच्या गुलमोहरावर चढू नका.) मी रे रोडच्या वखारीतून ओंडके आणतो आणि फळ्या काढून टीपॉय करतो. उभं चिरताना मशीन पंधरा-पंधरा मिनिटं फुल रेसवर राहतं, आडव्या कापापेक्षा कितीतरी जास्त दमतं. म्हणून ताकद वाढवायची खाज सुटली.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली, सायलेन्सरपासून. धूर बाहेर पडायचं भोक जेमतेम १२ मिमीचं, त्यावर ठिणग्या अडवायची जाळी. भोक १८ चं केलं, कडा कानशीने साफ केल्या. जाळी मात्र परत बसवली, कारण मामांच्या मागे सुकलेलं गवत असतं आणि मामी दोरीवर साड्या वाळत घालतात. मशीन चालू केलं तर आवाजच बदललेला, तिखट, मोकळा. शेजारच्या काकू बाहेर येऊन म्हणाल्या, “अरे, रिक्षा आणलीस का?” मी खूश.

आणि इथेच फसगत असते. सायलेन्सर मोकळा केला की इंजिन हवा जास्त ओढतं, पेट्रोल मात्र जुन्याच मापाने येतं. मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणावर मशीन जास्त जोरात पळतं, म्हणून वाटतं ताकद आली. खरं तर ते तापत असतं. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. उपाय सोपा आहे. कार्बोरेटरचा ‘एच’ स्क्रू, म्हणजे फुल रेसला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा, पाव आटा उघडायचा.

पण तो उघडायचा कशाने?

आता जरा तोंड सोडतो. या स्क्रूंची डोकी डी आकाराची आहेत. साधा पेचकस लागत नाही, ॲलन की लागत नाही. वर प्लॅस्टिकच्या टोप्या, म्हणजे पाव आट्यापलीकडे फिरायलाच नको. धुराच्या नियमांसाठी असतं म्हणे. असेल. पण ज्या माणसाला स्क्रू फिरवता येत नाही तो सायलेन्सर उघडायचा थांबत नाही, तो नुसता पिस्टन जाळतो. त्या डी पेचकसाचे बाजारात ६५० मागितले. ६५०! ६,२०० च्या मशीनला! त्यात दांडा प्लॅस्टिकचा. मी म्हटलं ठेव तुझ्याकडेच. घरी बाबांचा जुना ट्रान्झिस्टर होता. त्याच्या एरियलची एक पितळी नळी काढली, टोक स्क्रूच्या मापाला हलकेच चेपलं, मागे पेनाचं टोपण बसवलं. खर्च शून्य. अकरा महिन्यांत या मशीनच्या संदर्भात मला ज्याचा खरोखर अभिमान आहे ती ही एकच वस्तू.

कानाने ट्यून करायचं तर एक खूण धरा. मोकळं फुल रेसवर आवाज किंचित बरबरता हवा, जणू मशीन अडखळतंय. बार लाकडात घातला की तो साफ व्हायला हवा. मोकळ्यावरच सुरेल शिट्टीसारखा आवाज येत असेल तर लगेच बंद करा. ५५० चा टॅकोमीटरही घेतला, इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ते सांगणारा, प्लगच्या वायरला तार गुंडाळायचा. पहिल्यांदा २१,६०० दाखवले. मी घाबरून किल स्विच मारला. मग कळलं, मीटर फोर-स्ट्रोकच्या सेटिंगवर होता आणि खरा आकडा निम्मा, १०,८००. स्क्रू नीट लावल्यावर १२,१०० वर आणून थांबवलं.

मग हाव सुटली. आतला दाब वाढवायला सिलिंडरखालचं पॅकिंग काढलं. आधी १.६ मिमीची सोल्डरची तार प्लगच्या भोकातून भिंतीपर्यंत सरकवून पिस्टन आणि हेडच्या मध्ये चेपून घेतली. गॅप भरला १.१ मिमी. पॅकिंग अर्धा मिमीचं, म्हणजे काढल्यावर ०.६ उरतो. याहून खाली जायची माझी हिंमत नाही. फुल रेसवर सगळं ताणतं आणि पिस्टन वर आपटला तर संपलंच. पॅकिंगच्या जागी सीलंटचा पातळ थर दिला. दोरी ओढायला लगेच जड झाली, खांद्याला कळतं. फ्लायव्हीलची चावी (त्याला जागेवर धरणारी छोटी खिट्टी) घासून ठिणगीचं टायमिंग पुढे घ्यायचा प्रयोगही केला. तिसऱ्याच ओढीला दोरीने असा उलटा हिसका दिला की दोन बोटं आठवडाभर सुजली. नवी चावी टाकली, विषय संपला.

मार्चमधली माझी वहीतली नोंद अशी: चौदा इंची ओंडका आडवा कापायला कंपनीच्या अवस्थेत ३८ सेकंद, सायलेन्सरनंतर ३१, पॅकिंगनंतर २७. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, करा, बिनधास्त करा.

मग एप्रिलमध्ये मित्र त्याचं मशीन घेऊन आला. तेच मॉडेल, साधा स्क्रूसुद्धा न हलवलेलं. तोच ओंडका, २४ सेकंद. मी घड्याळ बदलून पाहिलं. फरक साखळीत होता. त्याने प्रत्येक दात ४.८ मिमीच्या गोल कानशीने धारेवर आणला होता आणि दातापुढचा उंचवटा धारेपेक्षा ०.६५ मिमी खाली ठेवला होता. माझी साखळी डब्यातून निघाली तशीच. लाकडाच्या चिपा निघायला हव्यात, माझ्याकडे पिठासारखा भुसा पडत होता आणि मी इंजिनाला दोष देत होतो. दीडशे रुपयांच्या कानशीने माझे २७ चे २० झाले. म्हणजे एकट्या धारेने सात सेकंद दिले. दोन रविवार आणि काकूंची कायमची नाराजी देऊन सायलेन्सरनेही सातच दिले होते.

तरी सांगतो, उभं चिरताना मॉडिफिकेशन जाणवतं. बार पूर्ण गाडलेला असताना मशीन बसत नाही, ओढत राहतं. तेवढं श्रेय द्यायला हवं.

आता पिस्टन. विकणाऱ्याकडे घेऊन गेलो. त्याने सायलेन्सरचं भोक पाहिलं आणि मशीन माझ्याकडे सरकवलं. “साहेब, तुम्ही खोललंय, तुम्हीच बघा.” वॉरंटी सहाच महिन्यांची होती आणि ती संपलेली, म्हणजे तसाही हक्क नव्हता. पण ते सरकवणं मला लागलं. मी पिस्टन-रिंगचा सेट ८५० ला घेतला (दुसऱ्या दुकानातून, मुद्दाम) आणि घरी सगळं उघडलं. माझीही खात्री होती की चूक माझ्या ट्यूनिंगचीच.

टाकीतली पेट्रोलची नळी ओढली तर टोकाला तुकडा हातात आला. कडक झालेली, कार्बोरेटरजवळ केसाएवढी चीर. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी धरतं आणि स्वस्तातलं रबर खराब करतं. मी जूनमध्ये टाकी अर्धी भरलेली ठेवून मशीन माळ्यावर टाकलं होतं. चार महिने मुंबईचा पावसाळा. त्या चिरेतून हवा ओढली गेली, मिश्रण पातळ झालं, आणि जो आवाज ऐकून मी ‘वा’ म्हटलं तो पिस्टनचा शेवटचा आवाज होता. चाळीस रुपयांची नळी.

म्हणजे मॉडिफिकेशन निर्दोष? तेही नाही. कंपनीने मिश्रण मुद्दाम जाड ठेवलेलं असतं. तेवढ्या चिरेवर ते मशीन धापा टाकत का होईना, चाललं असतं. मी ती सगळी शिल्लक आधीच खर्चून बसलो होतो.

आता नवा पिस्टन आत आहे. सिलिंडरवर चिकटलेलं ॲल्युमिनियम बारीक पॉलिश पेपरने निघालं, सिलिंडरचा आतला लेप शाबूत होता म्हणून वाचलो. नळी दरवर्षी मेमध्ये बदलणार. काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. तेल लिटरला ४० मिली, त्यात काटकसर नाही. एच स्क्रू थोडा अजून उघडला, टॅकोमीटर ११,५०० दाखवतो, आणि मला ते चालतं. सायलेन्सर मोकळाच ठेवलाय, पण कानाला मफ लावतो आणि दुपारी दोन ते चार मशीनला हात लावत नाही. काकूंशी तसा तह झालाय.

कोणी हेच मशीन घेणार असेल तर पहिल्या दिवशी गोल कानस घ्या आणि साखळीला धार लावा. त्यानंतरही ताकद कमी वाटली तर स्क्रू फिरवायची सोय आधी, सायलेन्सर नंतर. ६५० देऊ नका, पितळी नळी शोधा.

बाबांना मी सांगितलं की मिडियम वेव्हला बाहेरची एरियल लागतच नाही, आत फेराइटची कांडी असते. ते म्हणाले, “मी एफएम ऐकतो.” सध्या ट्रान्झिस्टरला सायकलच्या ब्रेकची तार खोचली आहे.